खानदेशांतील काटक झाडें

वैशाखांत दुपारच्या गाडीनें भुसावळहून बोदवडकडे येणाऱ्या प्रवाशास खिडकीबाहेर पाहून वाटावें कीं, ह्या मुलखांत झाड म्हणून कांहीं उरलेंच नाहीं. खानदेश हें वाळवंट नव्हे. पण पाऊस चार महिन्यांत उरकतो, आणि पुढें आठ महिने झाडास आपली शिदोरी पुरवून खावी लागते.

नेपतीचें झुडूप पाहा. पानांवाटें पाणी उडून जातें, म्हणून तिनें पानें जवळजवळ टाकलींच आणि अन्न तयार करण्याचें काम हिरव्या फांद्यांवर सोंपविलें. हिंगणबेटाचे कांटेहि असेच हिरवे व कामकरी. त्याच्या शास्त्रीय नांवांत मिसर देश आहे. आफ्रिकेच्या रखरखाटांतहि तें सुखानें नांदतें. त्याच्या फळाचा गर पाण्यांत फेंसाळतो. पूर्वीं त्यानें रेशमी वस्त्रें धूत असत.

परंतु मला बोलावयाचें आहे तें मुख्यतः अंजनाविषयीं. खडकाळ टेकड्यांवर वाढणारें हें झाड. पानें फुलपाखराच्या पंखांसारखीं जोडीनें. लाकूड इतकें जड कीं पाण्यांत बुडतें. सालीचे दोर होतात, आणि चाराटंचाईंत गुरांस पाला मिळतो. बीं रुजल्यावर रोप वीतभर दिसतें, तों मूळ त्याच्या कितीतरी पट खोल गेलेलें असतें. उन्हाळ्यांत शेंडा जळतो, पावसाळ्यांत बुडापासून नवा फुटतो. असें कित्येक वर्षें चालतें. मूळ खालच्या ओलीस पोंचलें, म्हणजे मग झाड उंच होऊं लागतें.

मी शिक्षक असतांना मुलांनीं शाळेच्या आवारांत अंजनाचें बीं लाविलें होतें. दुसऱ्या उन्हाळ्यांत रोपें काळीं पडलीं. "गुरुजी, मेलीं," मुलें म्हणालीं, आणि मींहि तीं उपटावयास सांगितलीं. एक रोप कांहीं केल्या निघेना. कुदळीनें खणलें, तर दोन हात खोलवर मूळ, आंतून ओलसर! तरीहि मला उमज पडला नाहीं. त्या जागीं गुलमोहोर लाविले. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा. त्याच्यासाठीं मुलें उन्हाळाभर घागरीनें पाणी वाहत होतीं.

आतां ओसाड जागीं जें हिरवें दिसतें, तें बहुधा परदेशाहून आलेली वेडी बाभूळ असते. तिचा पाला गुरें तोंडांत धरीत नाहींत.

आपणांपैकीं कोणास अंजन लावावयाचें असल्यास बीं थेट जमिनींतच टोंचावें. पिशवींत मूळ वेटोळें घेतें. पुढें उन्हाळ्यांत रोप वाळलें तर उपटूं नये. आषाढाच्या दोनचार सरी पडून जाऊं द्याव्या, आणि मग त्या काडीच्या बुडाशीं नख लावून पाहावें.