चष्म्याचा नंबर आणि लेझरचा हिशेब

आपल्या समाजात चष्म्याची गोष्ट बहुधा विवाहाच्या बोलणीच्या वेळी निघते. एरव्ही मुलगी चष्मा लावून महाविद्यालयात जाते, दुकानाचा हिशेबही पाहते. परंतु पाहुणे येणार म्हटले की आईस तो चष्मा खुपू लागतो, आणि "लेझर करून टाकू" असे ठरून हैदराबाद अथवा सोलापूरची वाट धरली जाते. बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी या आपल्या भागात हे आता नवलाचे राहिलेले नाही. म्हणूनच या शस्त्रक्रियेच्या तीन पद्धतींत भेद कोणता, हे बंधुभगिनींपुढे ठेवावे असे वाटले.

लांबचे अंधुक दिसते ते डोळा प्रमाणाहून लांबट असल्याने अथवा पुढील पारपटलाचा बाक अधिक असल्याने. प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. पारपटल मधोमध किंचित सपाट केले म्हणजे ती मागे सरकते. लेझर एवढेच करतो. डोळ्याची लांबी तो कमी करीत नाही. यास्तव मोठा नंबर असणाऱ्याने चष्मा सुटल्यावरही दृष्टिपटलाची तपासणी सोडता कामा नये.

मद्रासेत जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांना १९८१ साली, अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत सहकाऱ्यांसह काम करताना, एक्सायमर लेझरने भोवतालचा भाग न जाळता जैविक द्रव्य अचूक कोरता येते असे आढळले. प्रयोगास घेतलेला तुकडा सणाच्या मेजवानीत उरलेल्या पक्षिमांसाचा होता. आपणांस ते रुचणार नाही, पण इतिहास आहे तसाच सांगितला पाहिजे.

पहिली पद्धत पीआरके. दृष्टी असलेल्या डोळ्यावर ती १९८८ मध्ये प्रथम झाली. हीत पारपटलावरील नाजूक साल काढून खालचा भाग लेझरने घडवितात. साल पुन्हा येईपर्यंत चार-पाच दिवस वेदना, पाणी, उजेडाचा त्रास. स्वच्छ दिसण्यास काही आठवडे लागतात. दुसरी लॅसिक. हीत पापुद्रा उचलून आत लेझर फिरवितात व पापुद्रा पुन्हा बसवितात. दुसऱ्याच दिवशी मनुष्य घड्याळ वाचतो. म्हणूनच तिची कीर्ती झाली. तिसरी स्माइल. जर्मनीतील शल्यविशारदांनी तिचे निष्कर्ष २०११ च्या सुमारास प्रसिद्ध केले. हीत पापुद्रा नाही. आतल्या आत भिंगाच्या आकाराची चकती कापून दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. डोळा कोरडा पडण्याचा त्रास आरंभी तरी कमी असतो, मात्र नंबर पुन्हा दुरुस्त करावयाचा झाल्यास काम लॅसिकइतके सोपे नसते. अंतिम दृष्टीच्या बाबतीत तिन्हींत फारसे अंतर नाही.

मग निवड कशावरून करावी? येथे आपल्या ओळखीचाच हिशेब उपयोगी पडतो. पारपटल हे भांडवल आहे. गेलेले परत येत नाही. त्याची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन. एक नंबर उतरविण्यास सुमारे १२ ते १५ मायक्रॉन खर्च होतात. एखाद्याचे पारपटल ४८० मायक्रॉनचे व नंबर आठ आहे असे समजा. लॅसिकच्या पापुद्र्याचे ११० व नंबराचे १२० वजा केले की शिल्लक २५० राहते. याहून कमी राहिल्यास पारपटल पुढे फुगण्याचे भय असते, आणि कित्येक शल्यविशारद ३०० असल्यावाचून हात घालीत नाहीत. अशा ठिकाणी पापुद्रा न करणारी पीआरके बरी, किंवा पारपटलास धक्का न लावता डोळ्यात बसविण्याचे भिंग. ज्याच्या पारपटलास मुळातच शंकूसारखा आकार येऊ लागला आहे, त्यास तर लेझर वर्ज्यच.

वयाचाही विचार हवा. अठराच्या आत नाही, आणि त्यानंतरही वर्षभर नंबर स्थिर असल्यावाचून नाही. मुहूर्त जवळ आला म्हणून वाढत्या नंबरावर लेझर करविणे मला तरी गैर वाटते. दोन वर्षांनी सासरी चष्मा पुन्हा लागल्यास मुलीनेच ऐकून घ्यावयाचे. गरोदरपणी व अंगावर दूध पाजत असतानाही थांबावे. उलट बाजूस पंचेचाळिशीतील गृहस्थ. त्याचा नंबर उणे दोन असल्यास चष्मा काढून तो खतावणी वाचतो, स्वाध्याय करतो. लेझरनंतर रस्ता स्वच्छ दिसेल, पण ग्रंथ उघडताना चष्मा शोधावा लागेल. डॉक्टरांस हे आधी विचारावे.

तपासणीपूर्वी काँटॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे काढून ठेवाव्या लागतात. शस्त्रक्रियेनंतर डोळे चोळू नयेत, व काही आठवडे धुळीपासून जपावे. ज्यांची डाळ मिल अथवा अडत आहे त्यांनी पौष-माघातील तुरीची आवक ओसरल्यावरच तारीख घ्यावी.