मॉनिटर आर्म घेताय? आधी काम बघा, मग ऑफर!

नवीन ऑफिस थाटताना भांडवलातला एकेक रुपया जपावा लागतो. म्हणून मॉनिटर आर्म घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझ्या कामात स्क्रीन दिवसातून किती वेळा हलवावी लागते?

बिलिंग, अकाउंट्स: स्क्रीन जवळजवळ हलतच नाही. मॉनिटरखाली मजबूत लाकडी ठोकळा ठेवला तरी भागतं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी, अंतर साधारण एक हात. झालं काम, पैसे वाचले!

पत्रिका, फ्लेक्स, डिझाइन: इथे आर्म खरंच कमावून देतो. स्क्रीन ग्राहकाकडे वळवा, नाव-तारीख त्यालाच वाचायला सांगा. चूक छपाईआधी सापडली तर पुन्हा छापायचा भुर्दंड टळतो. इथे सहज फिरणारा गॅस स्प्रिंगचा आर्म घ्या.

टायपिंग, लांब कागदपत्रं: स्क्रीन उभी करता येणारा आर्म बघा. सोबत कॉम्प्युटरच्या डिस्प्ले सेटिंगमध्येही बदल करावा लागतो.

उभं राहून काम: आर्म फक्त स्क्रीन वर नेतो, कीबोर्ड खालीच राहतो! त्याचीही सोय करा.

आर्म घ्यायचं ठरलं? मग तीन गोष्टी तपासा.

१. मॉनिटरच्या मागची चार भोकं. याला वेसा माप म्हणतात. बहुतेक वेळा ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिलिमीटर असतं. भोकंच नसतील, तर अडॅप्टरचा खर्च धरा.

२. स्टँड काढून मॉनिटरचं वजन. गॅस स्प्रिंगला जास्तीत जास्त वजनाची मर्यादा असते, तशी कमीत कमी वजनाचीही. मॉनिटर फार हलका असेल तर आपोआप वर जातो, जड असेल तर खाली झुकतो. मर्यादेतलं वजन असेल तर स्क्रू फिरवून ताण जुळवता येतो.

३. टेबल. फळीची जाडी क्लॅम्पमध्ये बसली पाहिजे. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावूच नका. भुश्याच्या बोर्डाचं टेबल असेल, तर वर-खाली लोखंडी पट्टी द्या, नाहीतर कड दबून तुटेल आणि मॉनिटरही जाईल. टेबल भिंतीला टेकलेलं आहे? आर्म दुमडला की त्याचं कोपर मागे जातं, तेवढी जागा सोडा.

आजच टेप घेऊन ही मापं कागदावर लिहा. दुकानात गेलात की आधी तो कागद दाखवा, किंमत नंतर विचारा!