विश्रांत अवस्थेतील मेंदू प्रतिमांकन : गोंगाट-निर्मूलनाची पडताळणी

विश्रांत अवस्थेतील मेंदू प्रतिमांकनात गोंगाट-निर्मूलनाची पडताळणी म्हणजे मेंदूच्या क्रियेशी संबंध नसलेले चढउतार पुरेसे वगळले गेले का आणि ते वगळताना मूळ संकेत शाबूत राहिला का, हे तपासण्याची प्रक्रिया होय.

पार्श्वभूमी

कार्यात्मक एमआरआय चेतापेशींची क्रिया थेट मोजत नाही. ती रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणावर अवलंबून असणारा संकेत मोजते. व्यक्ती स्वस्थ पडून असतानाही मेंदूच्या डाव्या व उजव्या प्रेरक क्षेत्रांतील मंद चढउतार परस्परांशी जुळतात, असे भरत बिस्वाल व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले. हे चढउतार साधारणपणे ०.१ हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेचे असतात. अशा सहसंबंधावरून दोन क्षेत्रांमधील कार्यात्मक जोडणी मोजली जाते. मात्र श्वसन, हृदयाचे ठोके व डोक्याची हालचाल यांचा परिणाम अनेक क्षेत्रांवर एकाच वेळी होत असल्याने त्यांतूनही सहसंबंध निर्माण होतो.

महत्त्व

डोके मिलिमीटरच्या काही अंशानेच हलले, तरी जवळच्या क्षेत्रांमधील जोडणी वाढलेली व दूरच्या क्षेत्रांमधील जोडणी घटलेली भासते, हे २०१२ मध्ये स्वतंत्र संशोधनगटांनी दाखवले. लहान मुले व अनेक रुग्णगट यंत्रात अधिक हलतात. त्यामुळे हालचालीतील फरक हाच वयाचा किंवा आजाराचा परिणाम समजला जाण्याचा धोका असतो.

पडताळणीच्या पद्धती

लागोपाठच्या प्रतिमांमधील डोक्याचे विस्थापन मोजून ते संकेतातील आकस्मिक बदलांशी ताडून पाहिले जाते. सर्व व्होक्सेलांचे संकेत करड्या छटांच्या एकाच आलेखात मांडल्यास संपूर्ण मेंदूभर पसरलेले गोंगाटाचे उभे पट्टे दिसतात; निर्मूलनानंतर ते नाहीसे होणे अपेक्षित असते.

दुसरी कसोटी संपूर्ण गटावर लावली जाते. प्रत्येक व्यक्तीची सरासरी हालचाल व क्षेत्रांच्या प्रत्येक जोडीची जोडणी यांतील सहसंबंध काढला जातो. निर्मूलन यशस्वी असल्यास तो शून्याजवळ येतो आणि क्षेत्रांमधील अंतरानुसार बदलत नाही.

केवळ एवढे पुरेसे नसते, कारण गोंगाटाबरोबर संकेतही पुसला गेल्यास हा सहसंबंध शून्याजवळच येतो. म्हणून प्रेरक, दृष्टी इत्यादी सुपरिचित जाळी निर्मूलनानंतरही स्पष्ट दिसतात का, तसेच किती प्रतिमा वगळाव्या लागल्या, हेही पाहिले जाते.

मर्यादा

संपूर्ण मेंदूचा सरासरी संकेत वजा केल्याने हालचालीचा परिणाम बराच घटतो. परंतु या गणिती क्रियेमुळेच ऋण सहसंबंध उद्भवू शकतात, असे २००९ मध्ये दाखवण्यात आले. निर्मूलनाच्या १४ पद्धतींची तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी कोणतीही एक पद्धत सर्व कसोट्यांवर सर्वोत्तम ठरली नाही. त्यामुळे एकाच कसोटीवरून निर्मूलन यशस्वी ठरवले जात नाही.