बेन्नूची साखर आणि नारळीकरांचा फुगा

2025 च्या अखेरीस बेन्नू हा लघुग्रह पुन्हा बातम्यांत आला. त्या वर्षीच्या जानेवारीत त्याच्या धुळीत अमिनो आम्लं सापडली होती, डिसेंबरात साखर. मथळा दोन्ही वेळा साधारण तोच: ‘जीवसृष्टीचं बीज अवकाशातून?’ शेवटचं प्रश्नचिन्ह हा उपसंपादकाचा सावधपणा. वाचणारा ते गाळूनच वाचतो.

बीज सापडलेलं नाही. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने सप्टेंबर 2023 मध्ये युटाच्या वाळवंटात जो ऐवज टाकला, तो अवघा 121.6 ग्रॅम. सजीवांची प्रथिनं ज्या 20 अमिनो आम्लांनी बनतात त्यांतली 14 त्यात निघाली. डीएनए आणि आरएनएचे पाचही बेस निघाले, भरपूर अमोनिया निघाला, आणि खारं पाणी आटत जाताना एकामागून एक जमतात तसे क्षारही निघाले. आता जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या योशिहिरो फुरुकावा यांच्या गटाने रायबोज आणि ग्लुकोजची भर घातली आहे. रायबोज आरएनएच्या कण्यात असतं. डीएनएतलं डीऑक्सिरायबोज मात्र दिसलं नाही. डीएनएच्या आधी पृथ्वीवर आरएनएचं राज्य होतं असं मानणारे संशोधक यामुळे खूश आहेत. मूठभर धुळीत एक रेणू आढळला नाही, एवढ्यावर फार खूश होऊ नये, हे तेही जाणतात.

मग यात नवं काय? ऑस्ट्रेलियात 1969 साली पडलेल्या मर्चिसन उल्केत 70 हून जास्त अमिनो आम्लं सापडली होती, पुढे रायबोजही. पण जमिनीवर पडलेल्या दगडाला माती, पाऊस, माणसाचे हात सगळंच लागतं. जपानने र्‍युगू लघुग्रहावरून आणलेल्या एका कणावर लंडनच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढताना दिसले. ते इथलेच निघाले. बेन्नूची धूळ बंद कुपीत आली आणि नायट्रोजन भरलेल्या पेट्यांत हाताळली गेली. तेव्हा नवी आहे ती खात्री.

या सगळ्यात एका नावाची आठवण कोणी काढत नाही, म्हणून मी काढतो: ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल. ताऱ्यांच्या पोटात हेलियमच्या तीन अणुकेंद्रकांपासून कार्बन बनतो, असं मानलं तर गणित बसत नव्हतं. दोन हेलियम जुळून होणारं बेरिलियम क्षणाच्या अतिसूक्ष्म अंशात फुटतं. तिसऱ्याने गाठायचं कधी? हॉईल म्हणाले, कार्बनच्या केंद्रकाला सुमारे 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर एक उत्तेजित अवस्था असलीच पाहिजे. ती असेल तरच ही जुळणी पुरेशा वेगाने होईल. 1953 मध्ये ते कॅलटेकच्या प्रयोगशाळेत जाऊन हे सांगू लागले, तेव्हा तिथल्या अणुभौतिकीवाल्यांना हा खगोलवाला भलताच आगाऊ वाटला. तरी वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. अवस्था तिथेच होती. आपल्या शरीरातला हायड्रोजन महास्फोटाच्या वेळचा. कार्बन, ऑक्सिजन, लोह ही सगळी नंतरची, ताऱ्यांची कमाई. त्या कामाचा पाया घालणाऱ्या 1957 च्या निबंधातल्या चौघांपैकी विल्यम फाउलर यांना 1983 चं नोबेल मिळालं, हॉईल यांना नाही. माझ्या मते ती नोबेल समितीची मोठी चूक होती.

त्या चुकीमागे हॉईल यांचा हट्टीपणा होता, असं अनेकांना वाटतं. सहकारी चंद्र विक्रमसिंघे यांच्याबरोबर ते सांगत राहिले की सुटे रेणूच काय, आख्खे जिवाणू धूमकेतूंमधून पृथ्वीवर पडतात, आजही पडतात. बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी हसून सोडून दिलं. हॉईल यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी मात्र ना हसून सोडलं, ना गुरूंचं म्हणून मान्य केलं. त्यांनी फुगा सोडला.

हैदराबादहून 2001 मध्ये पहिला आणि 20 एप्रिल 2005 रोजी दुसरा. दुसऱ्यासोबत 459 किलोचं सामान होतं. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्या द्रव निऑनमध्ये इतक्या गार ठेवलेल्या, की झडप उघडली की बाहेरची विरळ हवा आत खेचली जाऊन गोठायची. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा अशी गोळा झाली. ती हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस अशा दोन संस्थांनी स्वतंत्रपणे तपासली. जिवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. तीन जिवाणू जाती पूर्णपणे नव्या निघाल्या, शेजारच्या जातींपेक्षा अतिनील किरणांना जास्त चिवट. 2009 मध्ये त्यांची नावं जाहीर झाली: एक इस्रोच्या, एक आर्यभटाच्या आणि एक, जॅनिबॅक्टर हॉयली, गुरूंच्या नावाने.

ते परग्रहावरून आले का? इस्रोने तेव्हाच सांगितलं, यावरून तसं ठामपणे सिद्ध होत नाही. मी थोडं पुढे जाऊन म्हणेन, बहुधा नाहीच. हे तिघे बॅसिलस आणि जॅनिबॅक्टर या इथल्याच कुळांतले. आकाशातून आलेला पाहुणा आपल्या गावातल्या आडनावाचा कसा असेल? वादळाने, ज्वालामुखीने वर उडालेले जिवाणू असणंच जास्त सोपं. पण ज्या कल्पनेची टिंगल होत होती ती तपासायला पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेचा संस्थापक स्वतः उतरतो, आणि उत्तर अर्धवट आलं तर अर्धवटच छापतो, हे मला उत्तराइतकंच मोलाचं वाटतं. नारळीकर मे 2025 मध्ये गेले. तोवर जानेवारीचे निष्कर्ष आले होते, साखर नव्हती आली.

अवकाशातून आख्खे जिवाणू येतात या दाव्याच्या बाजूने बेन्नू काहीच सांगत नाही. तो ज्या मूळ पिंडातून तुटला, तिथे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी ओल होती, कच्चा माल होता, आणि तरीही, निदान या मुठीत, सजीव काही घडलेलं दिसत नाही. मथळ्यांच्या उत्साहात नेमका हाच मुद्दा हरवतो. तारा जन्मतो, बदलतो, मरतो, पण आपली नक्कल मागे ठेवत नाही. नैसर्गिक निवड सुरू होते ती रेणूला स्वतःची नक्कल करता येऊ लागली आणि नकलेत चुका होऊ लागल्या, तेव्हा. तिथून पुढचा रस्ता, पहिल्या पेशीपासून तीन लाख वर्षांपूर्वीच्या मोरोक्कोतल्या होमो सेपियन्सपर्यंत, जीवाश्मांनी आणि डीएनएने बऱ्यापैकी उजळलेला आहे. ताऱ्यांपासून साखरेपर्यंतचाही आहे. अंधार आहे तो मधल्या तुकड्यावर.

हा रस्ता शाळेत कितपत दिसतो? एनसीईआरटीने उत्क्रांतीचा भाग दहावीतून काढला, तेव्हा 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा, हे बरंच म्हणायचं. माझी तक्रार वेगळी आहे. ताऱ्यांचा धडा एका इयत्तेत आणि उत्क्रांतीचा दुसऱ्या इयत्तेत, त्यामुळे मधला अंधार मुलांना दिसतच नाही. कुतूहल वाटावं अशी जागा तर तीच आहे.

त्या अंधारातला एक अडसर बेन्नूने आणखी अवघड करून ठेवला आहे. बहुतेक अमिनो आम्लं चपलांच्या जोडीसारखी डावी आणि उजवी अशा दोन रूपांत येतात. सजीवांची प्रथिनं फक्त डावी वापरतात. का? मर्चिसनमध्ये काही डावी आम्लं जास्त भरल्यामुळे हा कल अवकाशातूनच आला असावा, असा अनेकांचा होरा होता. नासाच्या डॅनियल ग्लॅव्हिन यांच्या गटाने बेन्नूची आम्लं मोजली, तर डावी-उजवी जवळपास निम्मी निम्मी. म्हणजे एक तर मर्चिसनचा डावेपणा निदान काही अंशी पृथ्वीवरच चिकटलेला, किंवा सगळे लघुग्रह सारखे नाहीत. तिसरी शक्यताही उरते: डाव्याची निवड इथेच, पृथ्वीवर, कुठल्याशा योगायोगाने झाली आणि मग नकलांमधून कायम राहिली. मला तीच पटते. बेन्नूचा किमान 70 टक्के ऐवज नासाने पुढच्या काळातल्या उपकरणांसाठी न वापरता राखून ठेवला आहे. त्यातल्या एखाद्या मोजणीने मला खोटं पाडलं तरी चालेल.