अरबी समुद्र खर्चाच्या बाजूला
लेखमाला : कार्बनचा जमाखर्च (भाग ७)

गेल्या आठवड्यात आपण झाडं आणि मातीच्या वाट्याला येणारा कार्बन पाहिला. आज समुद्राची वही उघडू. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. हे ऐकून समुद्राच्या पोटाला अंत नाही असं वाटू लागतं. पण समुद्र घेतो तसा देतोही, आणि आपल्या दाराशी असलेला अरबी समुद्र तर वर्षाच्या हिशेबात घेतो त्याहून जास्त देतो.

हे कसं, ते समजायला गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी घट्ट बसलेली असते, मानेत वायू कोंडलेला असतो, तोवर पाण्यात हालचाल नसते. गोटी आत गेली, दाब सुटला, की बुडबुडे उसळतात. बाटली गार असेल तर फेस बेताचा, उन्हात तापलेली असेल तर अर्धा सोडा अंगावर. थंड पाणी वायू धरून ठेवतं, गरम पाणी सोडून देतं. समुद्राचंही असंच आहे. कार्बन डायऑक्साइडचा दाब हवेत जास्त असेल तर वायू पाण्यात शिरतो, पाण्यात जास्त असेल तर बाहेर पडतो. वारा जोराचा असला की दोन्ही कामं वेगानं होतात. कार्बनच्या वजनात मोजलं तर दरवर्षी सुमारे आठ हजार कोटी टन एवढी ही ये-जा आहे. त्यातून समुद्राकडे शिल्लक राहतो तो अडीचशे-तीनशे कोटी टन.

मात्र समुद्राचं पाणी म्हणजे नुसता सोडा नव्हे. आत शिरलेला वायू तिथल्या कार्बोनेटशी संयोग पावतो आणि बायकार्बोनेट बनतो. खाण्याच्या सोड्यात असतो तोच हा बायकार्बोनेट. समुद्रात विरघळलेल्या अशा कार्बनचे शंभर भाग केले, तर जवळपास नव्वद बायकार्बोनेट, नऊ-दहा कार्बोनेट आणि वायूच्या रूपात जेमतेम एक. हवेशी व्यवहार होतो तो या एका सुट्या रुपयाचा. बाकीची रक्कम मुदत ठेवीत. म्हणूनच हवेत आहे त्याच्या सुमारे पन्नासपट कार्बन समुद्रात मावला आहे.

मग सगळा धूर समुद्रच का गिळून टाकत नाही? १९५७ साली रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांनी या प्रश्नाला हात घातला. वायूला बांधून ठेवणारं कार्बोनेट मुळात थोडं, आणि ते प्रत्येक व्यवहारात खर्ची पडतं. त्यामुळे हवेतला वायू दहा टक्क्यांनी वाढला, तरी वरच्या थरातल्या पाण्याचा एकूण कार्बन वाढतो साधारण एकच टक्का. या हिशेबाला आज ‘रेव्हेल गुणक’ म्हणतात. पुढच्याच वर्षी चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतल्या मौना लोआ डोंगरावर हवेची मोजणी सुरू केली. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आता ४२०च्या वर गेला आहे.

आता आपल्या समुद्राकडे या. जूनमध्ये कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, तेव्हा पलीकडे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत नैर्ऋत्य मोसमी वारे सुसाट वाहतात. ते वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात, आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. वरून झरलेले मृत प्लवक या खोल पाण्यात कुजलेले असतात, त्यामुळे ते कार्बन डायऑक्साइडनं भरलेलं असतं. वर येऊन ते तापतं, वाऱ्याखाली घुसळलं जातं आणि वायू हवेत सुटतो. म्हणजे गोटीच फुटते. याच पाण्यातून पोषक द्रव्यंही येतात, त्यांवर सूक्ष्म शैवाल माजतं आणि काही कार्बन खाऊन टाकतं. पण सगळा नाही. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात ‘सागर कन्या’ जहाजावरून केलेल्या मोजण्यांतून हा हिशेब पुढे आला.

अरबी समुद्राची ही तूट भरून काढतात ते उत्तर अटलांटिक आणि अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर यांसारखे थंड समुद्र. तिथे काही ठिकाणी पाणी गार आणि जड होऊन खोल बुडतं, आणि सोबत नेलेला कार्बन शेकडो वर्षं वर येत नाही. पण समुद्र तापू लागले आहेत, आणि तापलेल्या बाटलीचं काय होतं ते आपण पाहिलंच.

जो कार्बन समुद्रात शिरला, त्याचीही किंमत चुकवावी लागते. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या थराचा सामू ८.२ वरून ८.१वर आला. फरक दशांशाचा दिसतो, पण त्या मापात याचा अर्थ आम्लता सुमारे तीस टक्क्यांनी वाढली असा होतो. शिवाय जे कार्बोनेट आपल्या धुरापायी खर्ची पडतं, त्यापासूनच कालवं आणि शिंपले आपलं कवच बांधतात, प्रवाळ आपलं घर. आपली उधारी त्यांच्या खात्यावर कशी चढते, ते पुढच्या आठवड्यात.