फायनलच्या दुसऱ्या दिवशी, चिंचणीत

पहाटे 5.30
आज 11 डिसेंबर 2024, मोक्षदा एकादशी. साबुदाण्याची खिचडी डब्यात भरता भरता कालचा निकाल पुन्हा वाचला. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये 3 तारखेपासून चाललेली महिलांची आशियाई हँडबॉल स्पर्धा काल संपली. जपान 25, दक्षिण कोरिया 24. आधीच्या 19 पैकी 16 स्पर्धा कोरियाने जिंकलेल्या; जपानला 2004 नंतर हे अजिंक्यपद आत्ता मिळालं, तेही एका गोलाने! रात्रीपासून या निकालाने मला झोप लागू दिलेली नाही.

6.30
शाळेचं मैदान. फक्कीची पोती, सुतळी, दोन खुंट्या. गावातल्या चार मुली मदतीला आल्यात. हँडबॉलचं मैदान 40 बाय 20 मीटर, ते आखायला वेळ लागत नाही. खरी कसोटी गोलपुढच्या सहा मीटरच्या रेषेची. गोल तीन मीटर रुंद. त्याच्या प्रत्येक खांबाच्या आतल्या कोपऱ्याशी खुंटी ठोकायची, सहा मीटर सुतळी ताणून पाव वर्तुळ फिरवायचं, मग दोन्ही वर्तुळं समोरून तीन मीटरच्या सरळ रेषेने जोडायची. सुतळी सैल पडली की वर्तुळ चेपतं आणि विंगवरून उडी मारणाऱ्या मुलीचा अंदाज चुकतो. म्हणून सुतळी मी कुणाच्या हाती देत नाही. फक्की मात्र मुलीच सोडतात, वाकून, मुठीतून बारीक धार धरून. गोलकीपर मुलीचे वडील दागिन्यांच्या डाय, म्हणजे साचे, बनवतात. त्यांनी नेटसाठी लोखंडी आकडे करून पाठवलेत, सगळे एका मापाचे. चिंचणीच्या कारागिराचा हात तो!

7.10 ते 12.30
प्रार्थना, हजेरी, नववीचा तास, दहावीच्या मुलांचे क्रीडा सवलतीच्या गुणांचे कागद. मधल्या सुट्टीत मुली भोवती जमल्या.

"मॅडम, आपण कितवे आलो?"

हाँगकाँगला हरवलं, पण पहिल्या चारांत आलो नाही, असं सांगितलं. जपान, कोरिया, कझाकस्तान आणि इराण पुढच्या वर्षी जर्मनी-नेदरलँड्समधल्या विश्वचषकाला जातील.

"आपल्या मुली ताकदीने कमी पडतात का?"

नाही. मार्च 2022 मध्ये अल्माटीला भारताच्या ज्युनियर मुलींनी आशियाई अजिंक्यपद जिंकलंय. ताकद, वेग, जिद्द, सगळं आहे. कमी पडतात ती सरावाची वर्षं. चेंडू हातात आला की तीन पावलं आणि तीन सेकंद, त्यातच पास किंवा फटका. पळता पळता चेंडू झेलून, मान न वळवता, तिसऱ्या पावलाआधी तो सोडायला लहानपणापासून हात घोटावा लागतो. आमच्याकडच्या बहुतेक मुलींच्या हाती चेंडू आठवीत येतो आणि दहावीनंतर सुटतो. त्या सोळाव्या वर्षी कुठे हाताला वळण लागलेलं असतं. देशाच्या संघातली उणीव मला तिथे दिसते, दिल्लीच्या कोर्टवर नाही.

दुपारी 3.30
समुद्रकिनारा. आज ओहोटी अडीचच्या सुमाराला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अकराची पाऊणपट सव्वाआठ, आणि त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. मच्छीमारांच्या घरच्या मुली हे बोटांवर सांगतात, मला घड्याळ बघावं लागत नाही. सुरूच्या बनाखालची वाळू भुसभुशीत, तिथे पाय रुततात. पाण्याकडची ओली वाळू घट्ट असते. तिथे पळायचं, झेलायचं, फेकायचं. चेंडू दोन नंबरचा, घेर 54 ते 56 सेंटिमीटर. मोठ्या स्पर्धांत खेळाडू बोटांना राळेचा चिकट लेप लावतात. आमच्याकडे लेप नाही, हात लहान, वर खारा घाम. तरी काठावरच्या पाड्यातली एक डावखुरी मुलगी चेंडू एका हातात पकडून उडी मारते, हवेत मनगट वळवते आणि चेंडू गोलकीपरच्या पायाशी टप्पा घेऊन आत जातो. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. आज तिने तसे लागोपाठ गोल केले, आणि मी शिट्टी वाजवायची विसरून नुसती बघत राहिले.

5.30
एसटी थांब्यावर. वाणगावच्या बाजूच्या मुली इथून जातात. डिसेंबरात सहा वाजता सूर्य बुडतो, आणि घरच्यांची घालमेल सुरू होते. एका मुलीची आई मासळीची पाटी खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, पोरीला खेळायला माझी ना नाही. पण अंधारात यायचं कसं?"

"बरोबर आहे तुमचं, मावशी," एवढंच मी म्हणाले. तिची भीती खरी आहे. चांगल्या खेळाडू मी स्पर्धेत जेवढ्या गमावल्या, त्याहून जास्त या थांब्यावर गमावल्या आहेत.

रात्री 8.30
फराळाआधी उद्याची तयारी. बारा वर्षांच्या मुलींसाठी एक नंबरचे लहान चेंडू बाजूला काढले. उद्यापासून पाचवी-सहावीच्या मुलींना आठवड्यातून दोनदा बोलावणार आहे.

चिंचणी, वरोर, बाडापोखरणच्या पालकांना एक विनंती. दहावीचा निकाल लागला म्हणून मुलीचा खेळ बंद करू नका. आणि सराव संपल्यावर मुलींना एकत्र घरी पोचवायला प्रत्येक पाड्यातून एका मोठ्या माणसाने आळीपाळीने यावं. थांब्यावर मी असतेच.