विश्लेषण : पोकरमध्ये चौथा पत्ता उघडला, की आधी बोलणारा खेळाडू अडचणीत का येतो?

पोकरमध्ये हातात कोणते पत्ते आले याइतकेच आपली पाळी कधी येते हेही महत्त्वाचे असते. आधी बोलणाऱ्याला समोरच्याची चाल न पाहताच निर्णय घ्यावा लागतो. टेबलावर नवा पत्ता उघडला, की ही उणीव महागात पडू शकते. त्यामागचे गणित काय आणि संगणकाने कोणता जुना समज मोडीत काढला?

पाळीचा क्रम कसा ठरतो?

‘टेक्सास होल्डम’ या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. नंतर सर्वांसाठी सामाईक असे पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडतात : आधी तीन (फ्लॉप), मग चौथा (टर्न) आणि शेवटी पाचवा (रिव्हर). प्रत्येक टप्प्यावर पैसे लावण्याची फेरी होते. फ्लॉपपासून पुढे ‘डीलर बटन’ ज्याच्यासमोर असते तो सर्वांत शेवटी बोलतो. तीन पत्तीत हातातल्या पत्त्यांचे बळ वाटपातच ठरते. इथे मात्र प्रत्येक नव्या पत्त्याबरोबर ते बदलते.

चौथ्या पत्त्याने काय बदलते?

समजा, आधी बोलणाऱ्याकडे इस्पिक आणि चौकटचा राजा आहे. त्याने रेझ केले, बटनवरच्या खेळाडूने कॉल केले. फ्लॉपवर बदाम नव्वी, बदाम छक्की आणि किलवर दुर्री उघडली. राजांची जोडी बहुधा पुढे आहे.

टर्नला चौकट दुर्री आली, तर फारसे काही बदलत नाही. पॉटमध्ये १०० चिप्स असताना ५० ची बेट लावली, तर समोरच्याला २०० च्या पॉटसाठी ५० मोजावे लागतात. म्हणजे त्याला जिंकण्याची किमान २५ टक्के शक्यता हवी. हातात दोन बदाम धरून तो पाचव्या बदामाची वाट पाहत असेल, तर न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम उरतात. ही शक्यता साधारण १९.६ टक्के. रिव्हरला आणखी चिप्स मिळणार नसतील, तर हा कॉल तोट्याचा.

पण बदाम सत्ती आली, तर चित्र पालटते. दोन बदामवाल्याचा फ्लश पूर्ण झाला, दश्शी-अठ्ठी किंवा अठ्ठी-पंजी असणाऱ्याची सलग पाच पत्त्यांची रांग लागली. असे पत्ते रेझ करणाऱ्यापेक्षा कॉल करणाऱ्याकडे असण्याची शक्यता जास्त. इथे चेक करून पॉट लहान ठेवणे शहाणपणाचे.

इस्पिक एक्का आला तर? सुरुवातीच्या जागेवरून रेझ करणाऱ्याकडे एक्का असण्याची शक्यता समोरचाही धरून चालतो. त्यामुळे राजांची जोडी एक्क्यापुढे पडली असली, तरी छोट्या बेटलाही वजन येते. थोडक्यात, प्रश्न ‘माझ्याकडे काय आहे’ एवढाच नसतो. ‘हा पत्ता कोणाच्या बाजूचा’ हाही असतो.

संगणकाने काय दाखवले?

आधीच्या फेरीत फक्त कॉल करणाऱ्याने पुढच्या फेरीत स्वतःहून बेट लावू नये, असा जुना दंडक आहे. अशा चालीला ‘डाँक बेट’ म्हणून हिणवले जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांच्या ‘प्लुरिबस’ या प्रणालीने २०१९ मध्ये सहा जणांच्या खेळात व्यावसायिक खेळाडूंवर मात केली. हीच चाल तिने माणसांपेक्षा कितीतरी जास्त वेळा वापरली. नवा पत्ता कॉल करणाऱ्याच्या बाजूचा असेल, तर नुसते चेक केल्याने समोरच्याला पुढचा पत्ता फुकट पाहता येतो, हे त्यामागचे एक कारण मानता येईल.

मग जिंकण्याची हमी मिळते का?

नाही. अचूक निर्णय घेऊनही डाव हातचा जाऊ शकतो. गणिताचा फायदा शेकडो-हजारो डावांनंतरच दिसतो. तोवर पैसे संपण्याचा धोका खराच. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, म्हणजे पोकरवरही, बंदी आणली आहे. हे गणित पडताळून पाहायला मात्र घरातला पत्त्यांचा एक जोड आणि काड्यापेटीतल्या काड्याही पुरेशा आहेत.